गार पडला म्हणजे गेला?

१४ ऑगस्ट १९७९ च्या पहाटे इंग्लंडचे नैर्ऋत्य टोक आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात ‘ग्रिमाल्किन’ नावाची तीस फुटी शिडाची नौका लाटेच्या तडाख्याने पूर्ण उलटली आणि काही वेळाने आपोआप सुलटी झाली. डोलकाठी मोडली होती. नौकेवर सहा जण होते. नौकेचा मालक, जो तिचा कप्तानही होता, वाहून गेला होता. दोघे मागच्या बाजूच्या खोलगट जागेत निपचित पडले होते. हालचाल नाही, हाकेला ओ नाही. उरलेल्या तिघांनी रबरी तराफा फुगवला आणि नौका सोडली. त्या तिघांत कप्तानाचा सतरा वर्षांचा मुलगाही होता. मागे राहिलेले दोघे गेले किंवा जाण्याच्या बेतात आहेत, अशी त्यांची समजूत झाली होती. पुढे हेलिकॉप्टरने या तिघांना उचलले.

मागचे दोघेही तेव्हा जिवंत होते.

त्यातला एक, चोवीस वर्षांचा निक वॉर्ड, शुद्धीवर आला तेव्हा तो नौकेबाहेर पाण्यात लोंबकळत होता. अंगावरच्या हार्नेसचा दोर तेवढा त्याला नौकेशी बांधून होता. कसाबसा तो वर चढला. शेजारी त्याचा सहकारी होता. वॉर्डने त्याला तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. सहकारी काही वेळ शुद्धीवर आला, थोडे बोलला आणि मग गेला. वॉर्डने त्यानंतरचा सारा दिवस बादलीने पाणी उपसत, त्या मृतदेहाच्या सोबतीने काढला. नौका सोडून गेलेल्यांच्या हिशेबी तो बारा तासांपूर्वीच मेलेला होता. संध्याकाळी हेलिकॉप्टर आले. २००७ मध्ये त्याने या दिवसावर ‘लेफ्ट फॉर डेड’ नावाचे पुस्तक लिहिले. या माणसाला किशोरवयात मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्यातून शरीराच्या डाव्या बाजूला अशक्तपणा राहिला होता आणि अपस्माराचा त्रासही होता. कोणत्याही वैद्यकीय तपासणीत ‘समुद्रावर जाण्यास अयोग्य’ असा शेरा सर्वांत आधी ज्याच्या कागदावर पडला असता, तोच उरला.

ही शर्यत म्हणजे फास्टनेट. १९२५ पासून चालत आलेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या काउझ बंदरातून निघायचे, आयर्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रात उभ्या असलेल्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि प्लिमथला परतायचे. अंतर सुमारे ६०५ सागरी मैल, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या वर. त्या वर्षी ११ ऑगस्टला ३०३ नौका निघाल्या. ॲडमिरल्स कप या स्पर्धेसाठी १९ देशांचे संघ त्यात होते. ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ आपली ‘मॉर्निंग क्लाउड’ घेऊन उतरले होते. पुढे सीएनएन वाहिनी सुरू करणारे टेड टर्नर होते, आणि शर्यत त्यांनीच जिंकली. पण ही झाली मोठी नावे. बहुतेक नौकांवर होते हौशी लोक. आठवडाभर नोकरीधंदा सांभाळून शनिवार-रविवारी शिडे उभारणारे, बाप आणि मुलगा, मित्र आणि त्याचा मेहुणा अशा टोळ्या. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी गडावर निघणारे ग्रुप असतात, तशाच. अनुभव होता, पण तो बऱ्या हवेतला.

१३ तारखेच्या रात्री वादळ आले. दुपारच्या अंदाजात जोराचा वारा होता, पण रात्री आले ते त्याच्या कितीतरी पलीकडचे. पंचाहत्तरच्या आसपास नौका पूर्ण उलट्या झाल्या. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. एक तृतीयांश नौकासुद्धा शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. स्पर्धकांपैकी १५ जण गेले. त्या काळी प्रत्येक नौकेवर बोलता येणारा रेडिओ असण्याची सक्तीही नव्हती. ती नंतर आली.

समुद्रविज्ञानाच्या दृष्टीने या वादळावर खूप लिहिले गेले आहे. डॉक्टर म्हणून मला त्यातला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा खुणावतो: जिवंत माणूस मेलेला का दिसला? आणि त्याच्या जोडीचा दुसरा, जास्त कोड्यात टाकणारा: त्या रात्री काही माणसे मदत हाताशी आल्यानंतर का गेली?

पहिल्यापासून सुरू करू. ऑगस्टमध्ये त्या समुद्राचे पाणी साधारण १५-१६ अंश सेल्सिअस असते. ऐकायला फार थंड वाटत नाही; महाबळेश्वरची हिवाळ्यातली सकाळ याहून गार असते. पण हवा आणि पाणी यांच्यात मोठा फरक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. आणि त्या खलाशांच्या बाबतीत पाण्याच्या जोडीला वारा होता. ओले कपडे अंगावर, वरून सुसाट वारा, दर काही मिनिटांनी डोक्यावरून जाणारी लाट.

गार पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिला धोका थंडीने गोठण्याचा नसतो. पहिल्या मिनिटात त्वचेला गारठ्याचा झटका बसतो, नकळत मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यातून निभावले तर पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातपाय निकामी व्हायला लागतात. नसा आणि स्नायू थंड होतात, बोटे मिटत नाहीत, दोराची गाठ सुटत नाही, पट्ट्याचे बक्कल लागत नाही. शरीराच्या गाभ्याचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरायला याहून बराच जास्त वेळ लागतो. प्रौढ माणसाला बहुधा अर्धा तास ते तासभर किंवा अधिक. म्हणजे ‘थंडीने मेला’ असे आपण ज्याला म्हणतो, तो बऱ्याचदा त्याआधीच बुडालेला असतो.

ग्रिमाल्किनवरच्या लोकांचे तसे झाले नाही. ते रात्रभर हळूहळू गार होत गेले. त्यात मळमळ आणि उलट्या. बोट लागणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय असतो, पण वैद्यकीयदृष्ट्या तो थट्टेचा नाही. उलट्यांनी पाणी जाते, पोटात अन्न राहत नाही, आणि थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत राखण्याची जी शरीराची युक्ती आहे, ती मळमळीच्या अवस्थेत नीट चालत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. कुडकुडण्यालाही इंधन लागते, ते साखरेतून येते. रिकाम्या पोटी, झोपेविना असलेला माणूस फार वेळ कुडकुडू शकत नाही.

गाभ्याचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की आम्ही त्याला हायपोथर्मिया म्हणतो. ३५ ते ३२ च्या दरम्यान माणूस जोरजोरात कुडकुडतो, जीभ जड होते, पाय अडखळतात. आणि विचार मंदावतो, हे त्याचे त्याला कळत नाही. ३२ च्या खाली कुडकुडणे थांबते. पाहणाऱ्याला वाटते, चला, याला बरे वाटू लागले. प्रत्यक्षात तो बिघडत चाललेला असतो. २८ च्या आसपास आणि त्याखाली नाडी इतकी मंद आणि क्षीण होते की हाताला लागत नाही, श्वास मिनिटाला दोन-चार वेळाच होतो, स्नायू ताठरतात, बाहुल्या विस्फारतात. त्वचा पांढुरकी, बर्फासारखी गार. मृत्यूची म्हणून जी लक्षणे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यातली बहुतेक जिवंत माणसात दिसू लागतात.

आता त्या तिघांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अंधार, गर्जना, हलणारी नौका. पडलेल्या माणसाच्या मनगटावर बोटे ठेवायची, तर त्या बोटांनाच स्पर्श उरलेला नाही. डोके चालत नाही, कारण मेंदूही गार झालेला आहे. मुलाने तर थोड्याच वेळापूर्वी बापाला लाटांत दिसेनासे होताना पाहिले आहे. काही लिखाणात या तिघांकडे बोट दाखवले गेले आहे. मला ते पटत नाही. उजेडात, कोरड्या खाटेवर, मॉनिटर लावून पडलेल्या रुग्णाचा मृत्यू घोषित करतानाही आम्ही डॉक्टर दोनदा स्टेथोस्कोप लावतो. गारठलेल्या माणसाची नाडी पूर्ण एक मिनिटभर तपासावी, असे आजची मार्गदर्शक सूत्रे सांगतात, आणि तेही ऊबदार हातांनी, शांत जागी. त्या लाटांत हे कोणाला जमले असते?

गारठ्याची दुसरी बाजू मात्र आशेची आहे. शरीराचे तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. म्हणून हृदय थांबण्याआधी मेंदू पुरेसा गार झाला असेल, तर एरवी चार-पाच मिनिटांत जे नुकसान होते त्याला बराच जास्त वेळ लागतो. १९९९ मध्ये नॉर्वेत ॲना बोगेनहोम ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाच्या थराखाली ऐंशी मिनिटे अडकली. रुग्णालयात आणली तेव्हा तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंश होते, हृदय बंद. ट्रॉम्सोच्या डॉक्टरांनी तिचे रक्त यंत्रातून फिरवून ते गरम केले. ती वाचली, आणि पुढे ज्या रुग्णालयाने तिला वाचवले तिथेच रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करू लागली. अशी उदाहरणे विरळ आहेत. बहुतेक जण वाचत नाहीत. तरी गारठलेल्या माणसाला ऊब देऊन, तापमान ३२ अंशांच्या आसपास आणूनही हृदय सुरू झाले नाही, तरच त्याला मृत म्हणायचे, हा नियम आता जगभर मानला जातो. घातक जखम उघड दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. फास्टनेटच्या त्या रात्री काही जण तराफ्यात तासन् तास तग धरून राहिले, आणि मदतीला आलेल्या जहाजावर चढण्याच्या प्रयत्नात गेले. दुसऱ्या महायुद्धातही असे दिसले होते. समुद्रातून जिवंत वर घेतलेले खलाशी डेकवर येऊन, हुश्श करून, काही मिनिटांत कोसळायचे. आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि ब्रिटिश नौदलात असलेले डॉक्टर फ्रँक गोल्डन यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९९१ मध्ये त्यांनी माइक टिप्टन आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर यावर निबंध प्रसिद्ध केला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस पाण्यात उभा असतो तेव्हा पाण्याचा दाब त्याच्या पायांना आणि पोटाला चहूबाजूंनी आवळून धरतो, घट्ट मोज्यांसारखा. त्यामुळे रक्त वर, छातीकडे ढकलले जाते. शरीराला वाटते रक्त जास्त झाले, म्हणून मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकतात. थंडीनेही लघवी वाढते. काही तासांत रक्ताचे आकारमान खरोखर घटते. मग हेलिकॉप्टरचा पट्टा बगलेत अडकवून त्या माणसाला सरळ उभा वर खेचला, की पाण्याची ती मिठी एकदम सुटते, रक्त पायांत उतरते आणि रक्तदाब कोसळतो. गारठलेले हृदय त्याला उत्तर देऊ शकत नाही. ते आधीच इतके चिडखोर झालेले असते की धक्क्याने बेताल थरथरू लागते. शिवाय सुटका झाली म्हटल्यावर, आतापर्यंत ताण देऊन रक्तदाब टिकवून ठेवणारी संप्रेरके ओसरतात, असाही त्यांचा तर्क होता. माणूस सुटकेच्या क्षणी सैल पडतो, आणि तेवढे सैल पडणे त्याला परवडत नाही.

शिडीने चढणाऱ्याला याच्या जोडीला श्रमाचा भार. गार हातांनी दोरशिडी चढायची, तीही हेलकावणाऱ्या जहाजाची.

यावरचा उपाय अगदी साधा निघाला. माणसाला आडवा उचलायचा. बगलेखाली एक पट्टा, गुडघ्यांखाली दुसरा. आज समुद्रावरून उचलताना शक्य तिथे हीच पद्धत वापरतात. वर घेतल्यावरही आडवाच ठेवायचा, ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी चालू द्यायचे नाही. कोट्यवधी रुपयांच्या हेलिकॉप्टरला एक जादा पट्टा लागला, एवढीच काय ती सुधारणा. वैद्यकशास्त्रात असे स्वस्त शोध फार थोडे असतात आणि त्यांचे कौतुकही फार होत नाही.

त्या वर्षीच्या चौकशी अहवालात एक नोंद आहे, ती वाचून मी थबकलो होतो. तराफ्यांशी संबंधित घटनांत सात जण गेले. आणि त्या सातही जणांनी सोडलेल्या नौका नंतर तरंगताना सापडल्या. सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी फक्त पाच बुडाल्या. ‘ग्रिमाल्किन’सुद्धा तरंगतच होती. नौका उलटली, डोलकाठी गेली, आत गुडघाभर पाणी, तेव्हा थकलेल्या, गारठलेल्या मेंदूला इथून निघायलाच हवे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मोडकी नौका तराफ्यापेक्षा जास्त कोरडी आणि जास्त स्थिर असते. तिला कठडा असतो, पांघरूण असते, आणि शोधणाऱ्याला ती लांबून दिसते. नौका पायाखालून जाईपर्यंत ती सोडायची नाही, ही खलाशांची जुनी शिकवण त्या अहवालाने आकड्यांनिशी पक्की केली.

वाचकांना वाटेल, हे सारे उत्तर अटलांटिकचे. आपल्या उबदार समुद्राशी याचा काय संबंध? १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर, तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते, सत्तरहून अधिक गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांनी रात्रभर, दहा-बारा तास लाइफ जॅकेटच्या आधाराने पाण्यात काढले. मे महिन्यात अरबी समुद्र तीस अंशांच्या आसपास असतो. पण शरीराचे तापमान ३७ आहे. पाणी तीस अंशांचे असले तरी स्वस्थ तरंगणारा माणूस त्यात उष्णता गमावतच राहतो, फक्त सावकाश. आणि पाण्याच्या दाबाचा खेळ, रक्त घटण्याचा आणि वर घेतल्यावर कोसळण्याचा, उबदार पाण्यातही थोड्याफार प्रमाणात असतोच. बारा तास पाण्यात राहिलेल्याला वर ओढून लगेच उभे करणे हे तिथेही धोक्याचे.

आणि गारठा फक्त समुद्रात नसतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घळीत पाय घसरून रात्रभर भिजत पडलेला ट्रेकर, पुराच्या पाण्यात झाडाला धरून बसलेला माणूस, डिसेंबरात फुटपाथवर दारू पिऊन झोपलेला, मोरीत पडून पहाटेपर्यंत ओल्या फरशीवर राहिलेल्या एकट्या आजी. सरकारी रुग्णालयात हे सगळे येतात. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. वॉर्डातला नेहमीचा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली दाखवतच नाही. पारा तळाशी असला की ताप नाही एवढेच कळते. रुग्ण ३४ अंशांवर आहे की २९ वर, हे कळत नाही. ‘हात लावला तर गार लागतोय’ या परिचारिकेच्या वाक्याला मी त्या थर्मामीटरपेक्षा जास्त मानतो. कमी तापमान मोजणारे थर्मामीटर मिळतात, महागही नाहीत. प्रत्येक आपत्कालीन विभागात, आणि आता गिर्यारोहकांच्या बचाव पथकांतही, एक तरी असायला हवा.

असा माणूस तुमच्या हाती लागला तर? आडवा ठेवा, आडवाच हलवा, हलक्या हाताने. ओले कपडे कापून काढा, ओढाओढ नको. कोरडे पांघरूण घाला, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे अंगाखालीही काहीतरी घाला. जमीन वाऱ्याइतकीच उष्णता खाते. डोके झाका. पूर्ण शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका. त्वचेला इजा होते, आणि हृदयाला धक्क्याने त्रास होऊ शकतो. ब्रँडीचा घोट तर अजिबात नाही. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, अंगाला ऊब आल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. शेकोटीजवळ एकदम नेऊन भाजू नका. त्वचा बधिर असते, चटका कळत नाही. श्वास चालत नसेल तर छाती दाबणे आणि श्वास देणे सुरू करा. बुडालेल्याला आधी श्वास द्या. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. ‘गेला’ हा शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. तो रुग्णालयात, ऊब दिल्यानंतर, डॉक्टरने उच्चारायचा असतो.

फास्टनेट शर्यत आजही दर दोन वर्षांनी होते. २०२१ पासून ती प्लिमथऐवजी फ्रान्समधल्या शेरबूर्गला संपते. १९७९ नंतर नौकेवर रेडिओ सक्तीचा झाला, आणि शर्यतीत उतरण्याआधी खुल्या समुद्रावरचा ठराविक अनुभव दाखवावा लागतो. हौशी लोक अजूनही मोठ्या संख्येने येतात, बाप आणि मुलगे अजूनही एकाच नौकेवर असतात. निघण्याआधी प्रत्येक जण आपल्या हार्नेसचा दोर ओढून बघतो.